तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मिटवून टाका’ असं मी का सांगते

लग्नात विचारतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतात, परवा तर कोर्टात, वकिलांच्या बार रूममध्ये चहा घेताना एका ज्युनिअरनं विचारलं: “मॅडम, तुमच्याकडं केस दिली की शेवटी तडजोडच होते म्हणे. लढत का नाही तुम्ही?” विचारणाऱ्याच्या मनात दोनपैकी एक असतं. एक तर मी भित्री आहे, नाहीतर समोरच्या वकिलाशी माझं साटंलोटं आहे. आजवर हसून सोडून दिलं. आता एकदाच नीट सांगते, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवून देता येईल.

अपघात, डॉक्टरांचा निष्काळजीपणा आणि नोकरीवरून काढलेली माणसं, यावर माझी वकिली चालते. लोक या सगळ्याला ‘भरपाईच्या केसेस’ म्हणतात, पण तिन्हीकडं मिटवण्याचा अर्थ निराळा होतो.

रस्ता अपघातात भांडण बहुतेकदा आकड्याचं असतं, आणि आकड्याची रीत सुप्रीम कोर्टानं बांधून दिली आहे. 2009 च्या सरला वर्मा निकालानं वयानुसार गुणक ठरवला, 2017 च्या प्रणय सेठी निकालानं पुढच्या कमाईवाढीची टक्केवारी. समजा 32 वर्षांचा, स्वतःचा टेम्पो चालवणारा माणूस गेला. महिना 20,000 कमावायचा, मागं बायको, दोन पोरं, आई. 20,000 वर 40 टक्के वाढ धरली की 28,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 21,000. वर्षाचे 2,52,000, गुणिले 16, हा त्या वयाचा गुणक. झाले 40,32,000. विमा कंपनीचा साहेब हेच गणित खिशात घालून लोकअदालतीत बसतो आणि एवढंच म्हणतो, “20,000 चा पुरावा दाखवा.” टेम्पोवाल्याकडं कुठली सॅलरी स्लिप! मग घासाघीस होते आणि आकडा खाली येतो. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. अपघात दाव्यांच्या ट्रिब्युनलकडून पूर्ण रक्कम मिळवली की कंपनी हायकोर्टात जाणार आणि पोरं मोठी होईपर्यंत तारखा पडणार. कमी घेतले पण आत्ता घेतले, यात लाजायचं काय, ते मला अजून कळलेलं नाही.

कामगारांचं जरा कडू आहे. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, बोटं गमावलेली पोरं येतात. 1923 च्या, 2025 पर्यंत लागू असलेल्या नुकसानभरपाईच्या कायद्याला परिशिष्ट होतं: अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. आता ते पान पाठ आहे, आणि पाठ असल्याचाही कधीकधी राग येतो. त्या पोराला खरं तर नोकरी परत हवी असते आणि कंपनी एकरकमी पैसे घेऊन राजीनामा दे म्हणते. सुरुवातीच्या काळातली मी 2013 चा दीपाली सुरवसे निकाल हातात घेऊन कोणालाही सांगायचे, बेकायदा काढलं असेल तर मागच्या पगारासह कामावर घेणं हाच नियम आहे, सोडायचं नाही. निकाल तेव्हाही बरोबर होता, आजही आहे. फक्त केस चालेतोवर घरभाडं मला भरायचं नसतं, त्याला भरायचं असतं.

तुमच्या मनातलंही बोलून टाकते. केस मिटली की माझी राहिलेली फी लवकर हातात येते. येते ना. टक्केवारीवर फी घ्यायला बार काउन्सिलची मनाई आहे आणि मी ती घेत नाही, पण आठ वर्षं रेंगाळलेल्या केसपेक्षा मार्चमध्ये संपलेली केस मला परवडते. माझा सल्ला आणि माझी सोय एकाच दिशेला असतात, हे मला दिसतं. म्हणून तो सल्ला खोटा ठरतो का? तुम्ही ठरवा.

आता ज्या केसमुळं मी हे सगळं लिहायला बसले ती, ग्राहक आयोगातली.

तक्रारदार एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मी त्यांना दादा म्हणायचे. बायकोचं दुसरं बाळंतपण तालुक्याच्या गावी, खासगी दवाखान्यात, सिझेरियन. बाळ सुखरूप. पहाटे पुण्याला आणताना बाई ॲम्ब्युलन्समध्ये गेली. केस पेपर मागितल्यापासून 72 तासांत द्यायचे असा नियम आहे. आमच्या हाती पडायला तीन आठवडे गेले.

त्यात नर्सिंग चार्ट होता. संध्याकाळी 7 पासून दर अर्ध्या तासाला नोंद: नाडी 84, बीपी 110/70. पुन्हा 84, 110/70. पुन्हा तेच. 9 ला नर्सची पाळी बदललेली, पण अक्षर तेच, शाई तीच, एका बैठकीत लिहिल्यासारख्या ओळी. रात्री 2.30 लाही 84. आणि 3.10 ला एकदम ‘बीपी नॉट रेकॉर्डेबल’. बाळंतिणीचं रक्त जायला लागलं की बीपी पडायच्या आधी नाडी धावायला लागते. इथं ती सात तास हललीच नव्हती.

वकिलाला असा कागद आयुष्यात क्वचित मिळतो. तो चार्ट पुढ्यात ठेवून काय काय विचारायचं, ते मी रात्री झोपताना मनात घोळवायचे. तेव्हा ‘मॅडमना लढायचं नसतं’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की मिटवण्यात माझंही काही जात होतं.

अडचण तज्ज्ञाची होती. चार्ट पाहून डॉक्टर मंडळी तोंडी म्हणायची, उशीर झालाय हो. लेखी द्यायला एकही तयार नाही. आणि समोरून निरोप आला: डॉक्टरांची विमा कंपनी मिटवायला तयार आहे. रक्कम आमच्या मागणीच्या निम्म्याहून थोडी जास्त.

जाबदारांच्या, म्हणजे डॉक्टरांच्या वकिलांच्या चेंबरमध्ये बसलो. दादांनी रकमेबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाले, “पैसे कमी केले तरी चालतील. कागदावर एक ओळ घाला. रात्री बघायला कोण आलं नव्हतं, एवढीच.” वकील सभ्य माणूस. त्यांनी समजावलं की डॉक्टरांच्या पॉलिसीत अट असते, कंपनीला न विचारता चूक कबूल केली तर कंपनी हात वर करू शकते. म्हणजे ओळ घातली तर पैसे धोक्यात.

डॉक्टर तिथंच बसले होते. एवढा वेळ गप्प होते. ते दादांकडं वळून म्हणाले, “त्या रात्री मी...” आणि त्यांचे वकील म्हणाले, “सर.” एवढंच. डॉक्टर थांबले.

जिन्यात दादांनी मला विचारलं, “काय बोलणार होते ओ ते?”

मला काय माहीत! मी म्हटलं, सही करा. एक पोरगी पाच वर्षांची, एक पाळण्यात. तज्ज्ञ नाही. इथं जिंकलो तरी ते मुंबईला राज्य आयोगात जातील, तिथून दिल्लीला. त्यांनी सही केली. तडजोड पुरसिसवर, म्हणजे मिटल्याचं आयोगाला लिहून द्यायच्या कागदावर, आम्ही नेहमी लिहितो तेच लिहिलं होतं: कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ वाद संपवण्याच्या हेतूने. पैसे पोरांच्या नावानं ठेवले गेले.

काही महिन्यांनी दादांचा फोन आला. “मॅडम, केस तर संपली. आता त्या सरांना विचारता येईल का?” मी समोरच्या वकिलांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, कशाला उकरता.

जुनी मी इथं माझी गचांडी धरते. म्हणते, लढली असतीस तर उत्तर मिळालं असतं. मी तिला सांगते, ग्राहक आयोगात उलटतपास बहुधा प्रश्नावलीनं होतो. मी प्रश्न लिहून दिले असते, उत्तरं त्यांच्या वकिलांनी लिहिली असती, आणि चौऱ्याऐंशीच्या प्रश्नाला उत्तर आलं असतं, ‘नोंदीप्रमाणे’. ती म्हणते, पण चार्ट पाहून आयोगानं निकालपत्रात दोन ओळी लिहिल्या असत्या, त्या दादांना हव्या होत्या. बरोबर आहे, लिहिल्या असत्या कदाचित. आणि ती पुढं म्हणते, 2020 च्या ग्राहक मध्यस्थी नियमांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणं मध्यस्थीकडं पाठवायची नाहीत असं म्हटलंय, ते काय उगाच? यावर माझ्याकडं तांत्रिक उत्तर आहे: पक्षकारांनी आपापसांत मिटवायला तो नियम आड येत नाही. ते उत्तर मी देते. तिला ते पटत नाही.

तरी पुढच्या महिन्यात अशीच एक केस तडजोडीला येते आहे आणि मी बहुधा तेच सांगणार आहे. फक्त हल्ली आकडा बोलायच्या आधी मी पक्षकाराला बजावते: पैसे मिळतील, काय झालं ते कोणी सांगणार नाही, हे धरून चाला. यावर काहीजण उठून दुसरा वकील बघतात. त्यांचं मला वाईट वाटत नाही.

तेव्हा विचारा, खुशाल विचारा. फक्त मी पुरसिस पुढं सरकवलेली असताना, पक्षकाराच्या देखत विचारू नका. त्याला त्या दिवशी सही करायची असते.