पायाखालचा सा

"कुणी गेलंय का गं?"

हे मला सासूबाईंनी विचारलंय, ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलंय आणि एकदा ठाणे–वाशी लोकलमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंनीही विचारलंय. हेडफोनची पिन नीट बसली नव्हती आणि फोन आपला उघड्यावर गात होता. गात होता म्हणजे काय, तर ढीगभर व्हायोलिनं एकच सूर धरून बसली होती आणि मागून बरीच माणसं नुसतं 'आ' म्हणत होती. ना शब्द, ना ठेका. "भुताच्या सिनेमासारखं वाटतंय," बाई म्हणाल्या. तेवढ्यात ऐरोली आलं, मी उतरले, उत्तर राहिलं. परवा तुम्हीही विचारलंत, की या अशा संथ 'अँबियंट' संगीतात तुला मिळतं काय. तुम्ही विचारलंत म्हणून लिहूनच टाकते.

मी दहाएक वर्षं गाणं शिकले. गायिका झाले नाही, पण माझ्या गाण्याच्या बाईंच्या मागे तानपुरा घेऊन पुष्कळ बसले. ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरगुती बैठका, गणपतीतले कार्यक्रम, एकदा तर गडकरी रंगायतन. प, सा, सा, सा. पंचमाची तार, मग सा च्या जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, म्हणजे खालचा सा. तबल्याच्या लयीत छेडायचं नाही, ही पहिली शिकवण. बाई म्हणायच्या, "लोकांना तू ऐकू आलीस तर तू चुकलीस, आणि मला ऐकू आली नाहीस तर मी चुकेन." दोन-दोन तास मांडी मोडून मी हे केलंय. पुढे कधीतरी ब्रायन ईनोबद्दल वाचलं. या इंग्रज संगीतकाराने १९७८ मध्ये विमानतळांसाठी म्हणून एक तबकडी काढली आणि 'अँबियंट', म्हणजे भोवतालात मिसळून जाणारं संगीत, हे नाव रुळवलं. सोबतच्या टिपणात त्याने म्हटलंय की हे संगीत जितकं रंजक, तितकंच दुर्लक्ष करता येण्याजोगं असायला हवं. मला हसू आलं. बाईंना हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पण नुसता तानपुराच हवा असता तर फोनवर त्याचं ॲप आहे. माझं अडतं ते वेगळ्या जागी.

आपल्याकडे मैफल सुरू झाली की सा हलत नाही. सगळं जग त्याच्याभोवती फिरतं. या संगीतात तोच हलतो. खालचे चेलो, म्हणजे जाड आवाजाची मोठी व्हायोलिनंच म्हणा, एक सूर धरतात, तुमचा कान त्याला सा म्हणून मोकळा होतो. वर कोरस पंचमावर निवांत असतो. आणि मिनिटाभराने चेलो गुपचूप मंद्र मध्यमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या म वर उतरतात. कोरस जागचा हललेला नसतो, पण मघाचा पंचम आता नव्या पायावरचा रिषभ, म्हणजे रे, झालेला असतो. थोडा घासतो, टोचतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आता याचं काय होणार? मग तोही हळूच एक पायरी उतरतो आणि नव्या सा मध्ये विरघळतो. एवढंच. पहिल्यांदा मला हे चक्क बेसूर वाटलं होतं. दुसऱ्यांदा ऐकताना त्याच टोचण्याच्या जागी डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नेहमी तिथेच येतं, आधी नाही, नंतर नाही.

ते दिवसही तसेच होते म्हणा. नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर म्हणाला दोन वर्षं, लागली चार. आम्ही भाड्याने घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीला. सामान हलवताना तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला. तो पुढे मिरजेहून सांधून आणला, पण तोवर कोपऱ्यात चादर पांघरून उभा होता. नौपाड्यात मी 'दुसऱ्या मजल्यावरची गाणारी' होते, इथे 'बी विंग, १४०३'. माझ्यात काही फरक पडला नव्हता. खालचं सरकलं होतं.

आता कोरसबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. तो 'आ' मिनिट-मिनिट तुटत नाही. एवढा दम कुणाचाच नसतो. शेजारचा श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही, आणि श्वास घेऊन परत शिरायचं ते हळूच, असं त्यांना शिकवलेलं असतं. कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहणारे टाळकरी हेच करतात. एकाचा आवाज संपतो तिथे दुसऱ्याने आधीच उचललेलं असतं. शिवाय वीस जण एकच सूर लावतात तेव्हा तो वीस जणांचा अगदी एक नसतो. केसाएवढा फरक राहतो आणि त्यानेच सूर चकाकतो. जोडीच्या दोन तारा जुळवताना येणाऱ्या लाटा ज्यांनी ऐकल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून हल्ली ढिगाने मिळणारं, धुक्यातल्या डोंगरांचं चित्र लावलेलं आठ-आठ तासांचं 'शांत संगीत' मला सोसत नाही. त्यातला बराचसा कोरस कॉम्प्युटरवर एका पट्टीवर बोट ठेवून काढलेला असतो. तो श्वासच घेत नाही. फ्रीज गुणगुणतो तसा वाटतो. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य निघालं होतं. त्यात प्रत्येक पट्टीला टेपचा एक तुकडा, त्यावर खऱ्या व्हायोलिनांचा किंवा खऱ्या गळ्यांचा एक सूर. टेप जेमतेम ८ सेकंदांची. ती संपली की बोट उचलावंच लागायचं. म्हणजे यंत्र असून त्याला दम लागायचा! ते मला चालतं.

ऐकून बघायचं असेल तर एक सांगते. १९७५ मध्ये अपघातानंतर ईनो अंथरुणाला खिळला होता. मैत्रिणीने आणलेली हार्पची तबकडी त्याने कशीबशी लावली, पण आवाज फारच बारीक होता आणि उठून वाढवायचं त्राण नव्हतं. पावसाच्या आवाजात ते सूर मिसळत राहिले आणि तो तसाच ऐकत पडला. तेव्हा पावसाळ्यात ऐका, खिडकी उघडी ठेवून, आवाज पंख्याच्या जेमतेम वर. घोडबंदर रोडचे ट्रक मधूनमधून खर्ज लावतात, लावू द्यात. आमचा पंखा तीनवर थोडा चढा लागतो, म्हणून मी तो दोनवर ठेवते. सासूबाईंना उकडतं. त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.