चाके बदलण्याची रात्र

नोकरीची तीसहून अधिक वर्षे आम्ही दोघांनीही मध्य रेल्वेच्या धिम्या लोकलने प्रवास केला. मी मुलुंडहून फोर्टमधल्या बँकेत जात असे आणि हे माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात, जेथे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे डबे ठरावीक मुदतीने संपूर्ण तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी येतात. मार्ग एकच होता, परंतु यांची पाळी लवकरची आणि माझा डबा महिलांचा, त्यामुळे समोरासमोर बसून केलेला प्रवास म्हणजे वर्षातून एकदा कुलदैवताच्या दर्शनाला जाणे, तेवढाच. निवृत्तीनंतर मुलाने युरोपची सहल सुचवली, तेव्हा यांनी टेबलावर आशियाचा नकाशा पसरला आणि मॉस्कोपर्यंत रेल्वेनेच जायचे असे जाहीर केले.

मुंबईतूनच रुळांवरून पूर्वेकडे निघावे अशी यांची इच्छा होती, पण भारताची रेल्वे म्यानमारच्या रेल्वेला कोठेही जोडलेली नाही. म्हणून २०१९च्या सप्टेंबरात आम्ही विमानाने हो ची मिन्ह शहरात उतरलो; तेथील स्थानकाचे नाव मात्र आजही सायगावच आहे. या स्थानकापासून मॉस्कोपर्यंत रूळ अखंड आहेत, फक्त त्यांची रुंदी वाटेत बदलत जाते. आपल्याकडे डलहौसीच्या काळात ठरलेले दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर आहे. फ्रेंचांनी बांधलेल्या व्हिएतनामच्या मार्गावर ते १००० मिलिमीटर आहे, चीनमध्ये १४३५, तर मंगोलिया आणि रशियात १५२०. हे आकडे यांना तोंडपाठ होते. मी ते ऐकून घेतले, पण त्यांचा आपल्या प्रवासाशी काय संबंध, हे मला तेव्हा कळले नाही.

सायगाव ते हनोई हे १७२६ किलोमीटरचे अंतर आम्ही ह्वे येथे दोन दिवस थांबून कापले. दानांगनंतर गाडी हाय व्हान घाट चढते, तेव्हा एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट खाली समुद्र असतो. कसारा घाट आणि कोकणचा किनारा एकाच खिडकीतून दिसावा, तसे मला वाटले. चीनला जाणारी गाडी हनोईच्या मुख्य स्थानकातून सुटत नाही, नदीपलीकडच्या झालाम स्थानकातून सुटते, कारण तेथून सरहद्दीपर्यंत जुन्या अरुंद मार्गाला तिसरा रूळ जोडून चिनी डब्यांची सोय केलेली आहे. हे तीन रूळ पाहण्यासाठी यांनी मला फलाटाच्या अगदी टोकापर्यंत नेले. नाननिंग आणि बीजिंगबद्दल मी स्वतंत्रपणे लिहीन.

मला लिहायचे आहे ते बीजिंगहून उलानबातरला जाताना एर्लियान या चिनी सरहद्दीच्या स्थानकावर काढलेल्या रात्रीबद्दल. पारपत्रे तपासून झाली, शौचालयांना कुलपे लागली आणि गाडी मागे-पुढे होत एका लांबलचक शेडमध्ये शिरली. डबे एकमेकांपासून सोडवले गेले. थोड्या वेळाने शेजारच्या रुळावरचा डबा मला आपल्यापेक्षा खाली गेल्यासारखा दिसला.

"अहो, तो डबा खाली कसा जातोय?"

"तो तिथेच आहे. आपला डबा वर उचलला जातोय," हे म्हणाले आणि खिडकीला नाक लावून बसले.

आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो. कारखान्यात बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. प्रत्येक डब्याखाली असे दोन गाडे असतात आणि मधल्या पिव्हटवर डबा मुख्यतः स्वतःच्या वजनाने टेकलेला असतो, म्हणूनच तो जॅकवर उचलला की बोगी मोकळी होते. आमच्या पायांखालून चिनी बोग्या ढकलत बाहेर नेल्या गेल्या आणि त्यांच्या जागी रुंद बोग्या आल्या. फरक ८५ मिलिमीटरचा, म्हणजे माझ्या चार बोटांहून किंचित अधिक, आणि तेवढ्यासाठी सगळी गाडी माणसांसकट अधांतरी धरलेली. हे मला एकेक गोष्ट सांगत होते: जॅक चारही एकाच गतीने का चढले पाहिजेत, डबा खाली टेकवताना शेवटच्या काही इंचांत सर्वांत अधिक सावधगिरी का लागते, माटुंग्याला हेच काम क्रेनने कसे होई आणि उमेदवारीच्या काळात एकदा हाताचा अंदाज चुकल्यावर वरिष्ठांनी यांना दिवसभर नुसते पाहत कसे उभे केले होते. ही हकिगत मी पहिल्यांदाच ऐकली. ग्रीसचा वास असलेले यांचे कपडे मी इतकी वर्षे वेगळे भिजवले, पण आज काय काम केलेत, असे क्वचितच विचारले. विचारायला हवे होते. डबा पुन्हा रुळांवर टेकला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि यांचा आवाज बोलून बोलून बसला होता.

पुढे गोबीचे वाळवंट, उलानबातर आणि बैकाल सरोवर आले. बैकालची खोली १६४२ मीटर आहे, आणि गाडी त्याच्या दक्षिण काठाने तासन् तास धावत राहते. इर्कुट्स्क ते मॉस्को हे अंतर ५१८५ किलोमीटर. डब्याच्या टोकाला असलेल्या सामोवारचे उकळते पाणी कोणत्याही वेळी मिळते, त्यावर घरून भाजून, फोडणी देऊन नेलेल्या रव्याचा उपमा उत्तम होतो. बाहेर पिवळी पडू लागलेली बर्चची झाडे संपतच नव्हती.

मोठ्या स्थानकांवर कामगार लांब दांड्याच्या हातोडीने चाकांवर ठोके देत गाडीच्या कडेने चालत जातो. चाक धड असेल तर घंटेसारखा स्वच्छ नाद येतो आणि तडा गेला असेल तर आवाज बद्द येतो, हे यांनी मला पहिल्याच थांब्यावर शिकवले. दुसऱ्या रात्री नोवोसिबिर्स्कला गाडी थांबल्याने मला जाग आली. हे गाढ झोपले होते. हातोडीचा आवाज आमच्या डब्याजवळ आला, पहिल्या बोगीवर, मग दुसऱ्या बोगीवर. मी उठून बसले आणि आमची सगळी चाके होईपर्यंत ऐकत राहिले. प्रत्येक ठोका स्वच्छ होता.