साळिंदर नाही, एकिडना!

मेलबर्नला आल्यावर पहिल्याच वर्षी शहराबाहेर जंगलात फिरायला गेलो होतो, पायवाटेच्या कडेला काटेरी गोळा दिसला आणि मी ओरडलेच, अगं बाई साळिंदर! नवऱ्याने मोबाईल काढेपर्यंत तो जागच्या जागी चारी पायांनी माती उकरत सरळ खाली रुतत गेला, पळाला वगैरे नाही हं, शेवटी वर नुसते काटेच उरले.

तो निघाला एकिडना, आणि तेव्हापासून मी याच्या मागेच लागलेय. साळिंदराशी याचं काहीच नातं नाही, ते उंदराच्या गोतावळ्यातलं, फक्त दोघांचेही काटे म्हणजे जाड झालेले केस. १७९२ मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याला दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊंच्या खात्यात टाकलं होतं, आणि लांब तोंड, चिकट जीभ, दात नाहीत, खाणं मुंग्या आणि वाळवी, तर दुसरं काय वाटणार? खरा भाऊबंद निघाला प्लॅटिपस, तो बदकासारख्या चोचीचा, पाण्यात राहणारा ऑस्ट्रेलियन प्राणी. अंडी घालणारे सस्तन प्राणी आज जगात पाचच, एक प्लॅटिपस आणि चार एकिडना, त्यातले लांब चोचीचे तीन ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या न्यू गिनी बेटावर.

पण अंडी घालतात हे सिद्ध व्हायला १८८४ उजाडलं. ॲडलेडच्या म्युझियममधल्या विल्हेल्म हाकेने जिवंत मादीच्या पोटावरच्या पिशवीत हात घातला तर हाताला अंडं लागलं, आणि तो इतका चकित झाला की बोटांच्या दाबाने ते फुटलंच! हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल. त्याने ते २ सप्टेंबरला ॲडलेडच्या शास्त्रज्ञांच्या सभेत दाखवलं आणि त्याच दिवशी तिकडे कॅनडात माँट्रियलच्या शास्त्रज्ञांच्या सभेत कॉल्डवेल या दुसऱ्या संशोधकाची तार वाचली गेली, त्यानेही स्वतंत्रपणे तेच शोधलं होतं.

अंडं साधारण दहा दिवसांत फुटतं, पिल्लू घेवड्याच्या दाण्याएवढं, आणि आईला स्तनाग्रंच नसतात, पिशवीतल्या कातडीतून दूध पाझरतं ते पिल्लू चाटतं. काटे फुटायला लागले की आई त्याला पिशवीतून काढून बिळात ठेवते, आणि काही दिवसांनी एकदा येऊन दूध पाजून जाते. मला हे वाचून फार भरून आलं, खरंच.

आणि टीव्हीवरच्या निसर्गपटांचे डेव्हिड ॲटनबरो, त्यांच्या नावाचा तो लांब चोचीचा एकिडना? न्यू गिनीतल्या सायक्लोप्स डोंगरात १९६१ मध्ये एकच नमुना मिळाला होता, त्यानंतर थेट २०२३ मध्ये कॅमेऱ्यात सापडला, मोहिमेच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या मेमरी कार्डावर.