स्क्रिप्टची नोंद: ‘ऱ्या’ असलेल्या फाइलीच का चुकतात?

दोन डिस्कवरचे फोल्डर ताडून पाहणारी माझी बॅश स्क्रिप्ट (लिनक्सच्या आज्ञांची फाइल) या आठवड्यात अखेर भरवशाची झाली. कल्पना साधी आहे. दोन्हीकडे सीडी या आज्ञेने फोल्डरात जाऊन फाइंडने फाइलींची यादी काढायची, सॉर्टने क्रमाने लावायची आणि दोन याद्या ताडणाऱ्या कॉमला ‘-३’ देऊन दोन्हीकडची सामायिक नावं गाळायची. उरतं ते फक्त एकाच बाजूला असलेलं, प्रत्येक बाजूचं आपापल्या रकान्यात.

पण ‘वाऱ्याच्या नोंदी’ ही फाइल दोन्ही रकान्यांत उरायची. नाव तेच, आकार तोच, शा-२५६ची बेरीजही (मजकुरावरून काढलेला ठसा) तीच. आधी मला नावातल्या मोकळ्या जागांचा संशय आला. त्यासाठी फाइंडला प्रिंट-झिरो आणि सॉर्ट व कॉमला ‘-झेड’ लावलं, म्हणजे नावं नवी ओळ नव्हे तर नल (शून्य किमतीचा बाइट) या खुणेने वेगळी होतात. हे तसंही करायलाच हवं होतं, कारण लिनक्समध्ये फाइलच्या नावात स्लॅश आणि नल सोडून कुठलाही बाइट चालतो, अगदी नवी ओळसुद्धा. त्यामुळे दोन नावांमधली खात्रीची खूण नलच. तरी फाइल जागची हलेना.

मग उरलेली सगळी नावं एकाखाली एक ठेवून वाचली. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘पायऱ्या’. प्रत्येकात ऱ! दोन्हीकडची नावं ओडी या बाइट दाखवणाऱ्या आज्ञेतून काढून बाइट पाहिले आणि उलगडा झाला. एकीकडे ऱ हे यू+०९३१ (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीतला क्रमांक) असं एकच अक्षर, यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट. दुसरीकडे र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) सुटे, म्हणजे ६ बाइट. युनिकोडच्या लेखी दोन्ही समान, पडद्यावरही सारखीच दिसतात, पण कॉम बाइट ताडतो. जुनी डिस्क एचएफएस प्लस या मॅकच्या फाइल-व्यवस्थेची होती, आणि ती नावं अशी सुटी करूनच साठवते. इतकी वर्षं मराठी टाइप करतोय, पण ‘ऱ्या’च्या पोटात नुक्ता असू शकतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री फार आनंद झाला.

उपाय एका पाइपचा. फाइंड आणि सॉर्ट यांच्यामध्ये युकॉन्व्ह हा मजकूर बदलणारा प्रोग्राम बसवून त्याला एनी-एनएफसी हे (सुटी अक्षरं जोडणारं) रूपांतर सांगितलं, की सुटी अक्षरं जोडली जातात. मूळ फाइलींना हात लागत नाही, फक्त यादी बदलते. एक काळजी घ्या: एलसी-ऑल सी (नुसत्या बाइटच्या क्रमाने चालायला सांगणारी सूचना) हे फक्त सॉर्ट आणि कॉमच्या आधी लिहा, म्हणजे दोघांचा क्रम एकच राहतो. स्क्रिप्टच्या माथ्यावर ते नको, नाहीतर ते युकॉन्व्हलाही लागू होईल. युकॉन्व्हला येणारं-जाणारं यूटीएफ-८ आहे हे ‘-एफ’ आणि ‘-टी’ने मी वेगळं सांगितलं आहे.

आता नावं कायमची दुरुस्त करायची आहेत. त्यासाठी फाइलींची नावं बदलणारा कन्व्हएमव्ही उत्तम, कारण नोटेस्ट हा पर्याय दिल्याशिवाय तो काहीच बदलत नाही, नुसतं काय बदलेल ते दाखवतो. ती यादी सध्या ओळीने तपासतोय. अर्धी झाली.