हवेतलं वावर

"पांढरा कुर्ता आणू नको," असं मित्राने फोनवर सांगितलं होतं. मी आणला. त्याच्या बहिणीची हळद, तिथे काय काळा शर्ट घालून जायचं? त्या कुर्त्याची कॉलर तीन वेळा धुऊनही निघालेली नाही. हे लिहायला बसलो ते खरं तर त्या कॉलरीवरच्या रागातून.

नागपूर ते वणी एसटीचा प्रवास मे महिन्यात जसा होतो तसाच झाला, त्याबद्दल न बोललेलं बरं. वरोऱ्याला बस थांबली. वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं. पण इथे इंग्रजांच्या काळात कोळशाची खाण होती, १९०६ साली बंद पडली. आता तिचा मागमूस लागत नाही. वणीच्या पुढे मात्र कोळसा विसरायची सोयच नाही. सपाट मुलूख, आणि रस्त्याच्या कडेला एकदम डोंगर. मी शेजारच्या बाबांना विचारलं, हे कुठले डोंगर? ते हसले. "डोंगर नाही जी, आमच्या वावरातली माती हाय ते." कोळशावरचा थर खदानवाले उपसतात, त्याचे हे ढीग. त्यांवर वेडी बाभूळ माजली आहे आणि बाभळीत वाघ राहतो. हे बाबांनी असं सांगितलं, जसं शेजारच्या घरात नवीन भाडेकरू आलाय.

हळदीला नवरीला पाटावर बसवलं तेव्हा दोन वाजायला आले होते. बाया गात होत्या, मांडवात बसायला जागा नव्हती, पंखा फक्त वरपक्षाकडे वळवलेला. आणि मधेच गाणं तुटलं. कोणी काही बोललं नाही. एकीने बुंदीच्या परातीवर चादर टाकली, दुसरीने फळीवरचे पितळी डबे भराभरा खाली उतरवले, तिसरीने पाळण्यातलं पोर उचलून अंगणात नेलं. नवरी हळदीचे हात वर धरून तशीच बसली. मला वाटलं कोणीतरी गेलं. आजी म्हणाल्या, "बसा बाप्पा, काही नाही. बार होऊन रायला."

लांब खदानीत भोंगा वाजला. मग आवाजाच्या आधी जमीन हलली. पायाच्या तळव्यांना कळलं आणि मग कानांना. पत्रे थरथरले, भिंतीतून चिमूटभर माती माझ्या ताटात पडली. (आलू-वांग्याची भाजी होती. खाल्ली.) दोन मिनिटांनी धुरळा आला आणि माझ्या कुर्त्याचं जे व्हायचं ते झालं. "लावा व आता," आजी म्हणाल्या, आणि बायांनी गाणं नेमकं जिथे सोडलं होतं त्याच शब्दापासून उचललं.

मला ते बार होणं लागलं नाही, ते उचलणं लागलं.

त्या घरात मी दोन दिवस होतो आणि दोन्ही दिवस लग्नापेक्षा 'सेक्शन'बद्दल जास्त ऐकलं. कोळशाची जमीन घ्यायचा कायदा १९५७ सालचा. त्यात कलम चार म्हणजे इथे कोळसा शोधणार, सात म्हणजे जमीन घ्यायचा इरादा आहे, नऊ म्हणजे घेतली. बायका हे गरोदर बाईची चौकशी करावी तसं विचारतात. "तुमच्या गावाला कितवा लागला व?" "सातवा." "मंग आता काय, नववा लागनच." आणि खिदळतात. सोयरिकी यावर जुळतात. नवरदेव डंपर चालवतो. त्याच्या घरची जमीन गेली तेव्हा दोन एकराला एक नोकरी या हिशेबाने ती त्याला मिळाली. मित्राच्या घरी चार एकर होतं, वडील-काका मिळून भाऊ तीन. ज्याला नोकरी मिळाली नाही तो काका लग्नाला आला, अगदी शेवटच्या पंगतीला बसला आणि आहेर न घेता निघून गेला. खदानीने गाव वाईट केलं, असं लिहून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पण मांडवाचे पैसे, बँड, नवरीचं नर्सिंगचं शिक्षण, सगळं त्या पगारातूनच आलेलं. विहिरी आटल्या त्या खदानीतलं पाणी उपसल्यामुळे, आणि पाण्याच्या कॅनचे पैसेही त्याच पगारातले.

संध्याकाळी मित्राचे आबाजी मला खदानीच्या काठावर घेऊन गेले. तिथे जायला मनाई आहे, फलकही आहे. "म्हशी कुठं वाचते?" म्हणून ते पुढे झाले. खाली पायऱ्या-पायऱ्यांचा प्रचंड खड्डा, तळाशी काळा पट्टा, त्यावर खेळण्याएवढे डंपर. मी खाली बघत होतो. आबाजी समोर बघत होते, आमच्या डोळ्यांच्या उंचीवर, जिथे काहीच नव्हतं.

"तो बांध," त्यांनी काठी हवेत आडवी ओढली. "इकडं पऱ्हाटी, तिकडं तूर. या इथं आंबा. विहीर..." काठी जरा डावीकडे सरकली, त्यांनी डोळे बारीक केले, मग पुन्हा उजवीकडे. "नाही, इथं. आंब्यापासून वीस पावलं." एक घार त्या विहिरीतून आरपार गेली. मला काय बोलावं सुचेना म्हणून मी विचारलं, पाणी किती होतं? ते खुलले. किती होतं, मोट कोणत्या बाजूला, कोणत्या वर्षी गाळ काढला, सगळं सांगितलं. अंधार पडेपर्यंत आम्ही त्या वावरातच होतो. परत वळताना त्यांनी एक वळसा घेतला, सरळ वाट असताना. मी का म्हणून विचारलं नाही. बहुधा तिथे तूर असावी.

लग्न झालं. चांगलं झालं. निघताना आबाजींनी माझ्या हातात पिशवी दिली, तुरीची डाळ. मी शहरी सवयीने विचारलं, "घरची का?"

"वणीच्या बाजारातली हाय," ते म्हणाले. "पण मी निवडून आणली."