आमची वाटचाल: कापड, माप आणि वचन

आम्ही ताडपत्र्या, कनाती, तंबू आणि यंत्रांवर घालायची आच्छादनं शिवतो. कापड थानांनी येतं. आमच्याकडे ते कापायचं, कडा दुमडून शिवायच्या, आयलेट म्हणजे दोरीसाठीच्या धातूच्या कड्या ठोकायच्या, दोऱ्या ओवायच्या. मालक म्हणजे मी आणि माझी पत्नी, आणि एका शेडमध्ये मावतील एवढे कारागीर. ख्रिस्ती विश्वासाचा आणि या कामाचा काय संबंध, असं ओळखीचे लोक विचारतात. ज्या नियमांवर हा उद्योग उभा राहिला ते कुठून आले, हे सांगितलं की त्याचं उत्तर आपोआप मिळतं, म्हणून ही वाटचाल लिहायला घेतली.

आधी एक सांगतो, कारण त्याचा मला मनापासून आनंद वाटतो. प्रेषित पौल आमच्याच धंद्यातला. इ.स. ५० च्या सुमारास तो करिंथ शहरात आला, तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे उतरला. रोमन सम्राट क्लौद्य कैसरानं यहूद्यांना रोम सोडायला लावलं होतं, त्यामुळे ते दोघं नुकतेच इटलीहून तिथे आले होते. तिघांचा व्यवसाय एकच, तंबू करण्याचा. पौल करिंथात दीड वर्ष राहिला. शब्बाथ, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात बोलायचा आणि हातानं कामही करायचा. थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती मंडळीला त्यानं लिहिलंय की तुमच्यापैकी कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कष्ट केले. त्याचं हे हातकाम शास्त्रात कुठे लपवलेलं नाही, की त्याबद्दल सबबही दिलेली नाही.

पवित्र शास्त्रातलं नीतिसूत्रे हे पुस्तक वाचून धंदा करणारे बरेच जण त्यात भरभराटीचं आश्वासन शोधतात. देवाचं ऐका, गल्ला भरेल, असं. मला हे वाचन पटत नाही. त्याच पवित्र शास्त्रात ईयोब आहे, नीतिमान असून सगळं गमावलेला. उपदेशक हे पुस्तक आहे, जे सांगतं की शर्यत वेगवानच जिंकतो असं नाही. आम्ही दोघांनी व्यवहाराचं प्रत्येक वचन वाचताना एकच प्रश्न धरला: या व्यवहारात समोर कोण उभं आहे, आणि आपल्याला दिसतं ते त्याला दिसत नाही असं काय आहे? आमचे बहुतेक नियम त्या प्रश्नातून आले.

पहिला मापाचा. ताडपत्रीच्या कापडाची प्रत तिच्या जीएसएमवर ठरते, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. ५५० चं कापड आणि ४८० चं कापड शेजारी ठेवलं तर गिऱ्हाइकाला हातानं फरक कळणं कठीण. फरक कळतो दोन-तीन हंगामांनंतर, ताडपत्री आयलेटपाशी फाटायला लागते तेव्हा. तोवर बिल कुठे आणि दुकानदार कुठे! बिलावर एक आकडा आणि मालात दुसरा, हा प्रकार आमच्या धंद्यात नवा नाही. एका ठेकेदारानं तर मला सरळच सांगितलं होतं, "कागदावर साडेपाचशे लिहा, कापड हलकं लावा, वरचा फरक आपण वाटून घेऊ." ते काम आम्ही घेतलं नाही.

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात म्हटलंय की तुझ्या थैलीत एक लहान आणि एक मोठं अशी दोन वजनं ठेवू नकोस. त्या काळी वजनं दगडाची असत आणि व्यापारी ती थैलीत बाळगत. यहूदाच्या प्रदेशात उत्खननांत इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतली अशी दगडी वजनं पुष्कळ सापडली आहेत. वरून घुमटासारखी, खाली सपाट, काहींवर खुणा कोरलेल्या. शेकेल हे त्यांचं वजनाचं एकक, एक शेकेल साधारण ११ ग्रॅमच्या थोडा वर भरायचा. एवढ्याशा दगडाचा एखादा कोपरा घासला तर पाहणाऱ्याला कसं कळणार? आमोस संदेष्टा नेमक्या याच लोकांवर चिडला होता, जे एफा हे धान्याचं माप लहान करत, शेकेल मोठा करत आणि शब्बाथ कधी संपतो म्हणजे धान्य विकायला बसता येईल याची वाट पाहत. लेवीय पुस्तकात तर लांबी, वजन आणि धान्याचं माप ही तिन्ही एकाच आज्ञेत आली आहेत. आमच्या टेबलावर त्यातली दोन रोज असतात.

म्हणून कापण्याच्या टेबलाशेजारी एक लहान वजनकाटा आणि गोल नमुना कापायचं कटर ठेवलंय. कटरमधून १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा निघतो. त्याचं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं आणि शंभरानं गुणायचं. ५.२ ग्रॅम भरला तर कापड ५२० चं. प्रत्येक थानाचा नमुना कापतो, जो आकडा येतो तोच बिलावर लिहितो, आणि गिऱ्हाइकानं मागितला तर तुकडा बिलालाच टाचून देतो. लांबी-रुंदीचंही तसंच. कडा दुमडण्यात आणि जोड देण्यात कापड जातं, त्यामुळे कापतानाचं माप आणि तयार माप वेगळं. आम्ही तयार माप सांगतो. यामुळे आमचा दर कागदावर शेजाऱ्यापेक्षा चढा दिसतो आणि काही गिऱ्हाइकं तिथूनच परत जातात. ती जातात हे मान्य करूनच हा नियम केला.

खरेदीच्या बाजूलाही एक वचन आहे आणि ते मला विक्रीच्या वचनापेक्षा अवघड वाटतं. नीतिसूत्रे सांगतात, घेणारा म्हणतो वाईट आहे, वाईट आहे, आणि निघून गेल्यावर बढाई मारतो. कापड घेताना चांगल्या मालाला नावं ठेवून भाव पाडायचा, ही सवय या बाजारात सगळ्यांच्या जिभेवर आहे. आम्ही भाव करतो, पण खोटी खोट काढून नाही. परवडत नसेल तर परवडत नाही म्हणतो.

मजुरीबद्दल शास्त्र इतकं स्पष्ट बोलतं की अर्थ लावायला जागाच उरत नाही. मजुराची मजुरी रात्रभर तुझ्यापाशी राहू नये, असं लेवीय म्हणतं. अनुवाद त्याचं कारणही देतं: तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या मजुरीकडे लागलेलं असतं, म्हणून सूर्य मावळण्याआधी दे. नव्या करारातल्या पत्रात याकोब तर लिहितो की अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. आता लहान उद्योगाची अडचण पाहा. मोठी कंपनी माल घेते आणि पैसे ६० दिवसांनी देते, कधी ९० दिवसांनी. मधला सगळा ताण मालक खाली ढकलतो, कारण कारागीर वाट पाहील हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे ज्याच्याजवळ सगळ्यात कमी, तोच सगळ्यांना उधार देत बसतो.

आम्ही दोघांनी ठरवलं की वाट पाहायचीच असेल तर ती मालकांनी पाहायची. मजुरीचं खातं बँकेत वेगळं काढलं. कोणत्याही ऑर्डरची आगाऊ रक्कम आली की त्या कामाची मजुरी आधी त्या खात्यात जाते, उरलेल्यातून कापड येतं. आगाऊ रक्कम द्यायला तयार नसलेलं मोठं काम आम्ही घेत नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे फार लांबले, तेव्हा आमच्या घरात काटकसर झाली, पण शनिवारी संध्याकाळी पगार झाला. आमचा कटिंग मास्तर त्या शनिवारी मला म्हणाला, "दादा, तुमच्याकडं आलं का पण?" मी म्हटलं, येईल. कलस्सैकरांच्या पत्रात धन्यांना सांगितलंय की दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, कारण तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. मालकाची खुर्ची मला कधी उंच वाटली नाही ती या वाक्यामुळे.

द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला लोक इथे हमखास काढतात, की शेवटचा एक तास काम केलेल्यालाही मालकानं पूर्ण दिनार दिला, मग तुम्हीही सगळ्यांना सारखंच द्या. दिनार म्हणजे दिवसाची मजुरी. पण तो दाखला प्रभूनं स्वर्गाच्या राज्याविषयी, देवाच्या कृपेविषयी सांगितला, पगाराचा तक्ता म्हणून नाही. आमच्याकडे कौशल्याप्रमाणे दर आहेत. त्या दाखल्यातून मी एक गोष्ट मात्र उचलली: संध्याकाळ झाल्यावर मालक स्वतःहून कारभाऱ्याला सांगतो, कामकऱ्यांना बोलाव आणि मजुरी दे. कोणाला मागायला यावं लागत नाही.

रविवारी शेड बंद असते, हंगामातही. आमचे सगळे कारागीर ख्रिस्ती नाहीत आणि सकाळच्या प्रार्थनेला थांबायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. विसावा मात्र सगळ्यांचा. ती आज्ञा मुळात दास, दासी, परका, अगदी बैल आणि गाढवालाही मोजते.

जामिनाचा विषय सगळ्यात कठीण गेला. मंडळीतल्याच एका कुटुंबाला कर्ज हवं होतं आणि जामीनदार म्हणून आमच्या उद्योगाची सही हवी होती. प्रभू येशू म्हणतो, जो मागतो त्याला दे, जो उसनं घ्यायला येतो त्याला पाठमोरा होऊ नको. नीतिसूत्रे म्हणतात, जामीन राहिला असशील तर डोळ्याला झोप येऊ देऊ नको, शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटते तसा स्वतःला सोडव. दोन्ही देवाचीच वचनं. माझी पत्नी आणि मी यावर बरेच दिवस बोललो, प्रार्थना केली. शेवटी तिनं जे म्हटलं त्यानं वाट मोकळी झाली. ती म्हणाली, "आपलं आहे ते देऊ. पण या सहीत मशिनी आहेत, म्हणजे कारागिरांची रोजी आहे. ती आपली एकट्याची कुठं आहे?" नीतिसूत्रांतही पुढे तेच विचारलंय, फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून न्यावं? आम्ही सही केली नाही. जमेल तेवढी रक्कम दिली, परत मागायची नाही असं ठरवून दिली. त्या घरच्यांना तेव्हा वाईट वाटलं, पुढे काही काळ बोलणंही कमी झालं. तरीही तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

दिलेल्या शब्दाचं म्हणाल, तर १५ व्या स्तोत्रात परमेश्वराच्या मंडपात कोण राहील याचं वर्णन आहे, आणि त्यात एक जण असा आहे की शपथेनं आपलं नुकसान झालं तरी ती मोडत नाही. एका मोठ्या कनातीच्या कामाचा दर देऊन झाला आणि कापडाचा भाव चढला. करारात दर वाढवायला फट होती. आम्ही जुन्याच दरात माल दिला, तोटा सोसला. ते गिऱ्हाईक पुन्हा कधी आलं नाही. अशा गोष्टींचा शेवट गोड करून सांगण्याची पद्धत आहे, पण शास्त्र तिथे बक्षिसाचं बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही.

तारखांच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी लागली. याकोब सांगतो, उद्या अमुक करू असं म्हणू नका, प्रभूची इच्छा असेल तर करू म्हणा. हे वाक्य आम्ही मनापासून मानतो, पण गिऱ्हाइकाला तारीख देताना तोंडात आणत नाही. कामातल्या ढिलाईवर देवाचं नाव पांघरणं मला सहन होत नाही. तिथे प्रभूचं दुसरं सांगणं लागू: तुमचं होय ते होय असावं. मशीन बिघडेल, एखादा आजारी पडेल, हे धरून दिवस वाढवूनच सांगतो.

कातरणीचं सांगायला हवं. कापड कापताना काठाचे तुकडे निघतात, ते विकले तर थोडे पैसे येतात. शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरीब आणि परक्यासाठी ठेवा, असं लेवीय सांगतं. शास्त्रातली रूथ अशीच कणसं वेचायला गेली होती; ती परकी होती, मवाबी, आणि शेतमालक बवाजानं आपल्या गड्यांना सांगितलं की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम थोडं काढून टाका आणि तिला दटावू नका. त्या मुद्दामपणाचं मला फार मोल वाटतं. नुसत्या चिंध्या देणं म्हणजे कचरा देणं. म्हणून थानाच्या शेवटी गाडीवर किंवा छपरावर घालता येईल एवढा तुकडा उरेल असं मास्तर कापतो, कडा शिवून चार आयलेट ठोकतो. दाराशी त्यांची थप्पी असते. नेणाऱ्याला नाव, धर्म, कारण काही विचारायचं नाही, हेही ठरलेलं.

सध्या आमच्यासमोर वेल्डिंग मशीनचा प्रश्न आहे. पीव्हीसी कापडाचे जोड शिवण्याऐवजी उष्णतेनं चिकटवले की सुईची भोकं पडत नाहीत, पाणी गळत नाही. मोठी गिऱ्हाइकं आता तेच मागतात. बँक कर्ज द्यायला तयार आहे. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू विचारतो, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशोब कोण करणार नाही? आणि ऋण घेणारा धनकोचा दास होतो, असं नीतिसूत्रे म्हणतात. कर्ज घेणंच पाप, असं मी त्यातून काढत नाही. हप्ता चुकला तर पहिला हात मजुरीच्या खात्याला लागेल एवढंच मला दिसतं. म्हणून निम्मी रक्कम साठली आहे, उरलेली साठेपर्यंत वेल्डिंगचं काम बाहेरून करून घेतो. त्यात नफा कमी राहतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक जोडाची ओढून चाचणी मास्तर स्वतः करतो, आणि तो जोड कोणी केला ते गिऱ्हाइकाला आम्ही आधीच सांगतो.