आरतीनंतरची वीस मिनिटं

आमच्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत गणपतीच्या चौथ्या दिवसापुढे 'रात्री 8.30 : विविध गुणदर्शन' एवढंच छापलेलं असायचं. फॅन्सी ड्रेसमधले भाजीवाले, दोन लावण्या, एक कोळीगीत आणि पाककलेचं बक्षीस आटोपलं की उरलेली वीस मिनिटं 'पोरांची'. पोरं करायची ते हिपहॉप, म्हणजे ब्रेकडान्स आणि रॅप; पण तो शब्द पत्रिकेवर कधीच आला नाही. वर्गणी देणाऱ्यांना काय वाटेल, याची सेक्रेटरी काकांना धास्ती.

निवेदन माझ्याकडे. माझं मराठी बरं आहे अशी अफवा बिल्डिंगमध्ये कुणीतरी उठवली आणि 2011 पासून माइक हातात आला तो नऊ वर्षं सुटला नाही. पहिल्या वर्षी पोरांनी हातात चिठ्ठी कोंबली. तिच्यावर ग्रुपचं इंग्रजी नाव, त्यातही एसच्या जागी झेड. मी जसं दिसलं तसं वाचलं, अख्खा मंडप हसला आणि ती पोरं पुढचं वर्षभर सेक्टरमध्ये त्याच नावाने ओळखली गेली. एकाने अजून माफ केलेलं नाही.

मुंबईचं रॅप गल्लीतून आलं म्हणतात. आमच्या कोपरखैरण्यात गल्ली कुठली? नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने आखून दिलेले सेक्टर, प्लॉट नंबर, रूम नंबर. मसजिद बंदराकडचा घाऊक बाजार वाशीला आला आणि त्याच्यामागे पाटण-जावळीकडची माथाडी घरंही खाडी ओलांडून इकडे आली. पलीकडे आगरी-कोळ्यांची गावठाणं. आमच्या पोरांना जागा मिळाली ती दोनच ठिकाणी : गणपतीत मंडळाचा मंडप, आणि बाकी वर्षभर वाशी स्टेशनच्या पोटातली गुळगुळीत फरशी. सिडकोने स्टेशनं ऐसपैस बांधली, त्याचा असा उपयोग होईल हे नकाशा काढणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. सिक्युरिटीवाल्याची शिट्टी वाजेपर्यंत डोक्यावर गिरक्या. ठाणे-वाशी लोकलने ऐरोली, कळव्याकडचीही पोरं यायची, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये गुडघ्याला बांधायची पट्टी.

मंडपात मात्र फरशी नव्हती. खाली मॅटिन, वर फळ्यांचं स्टेज, फळ्यांच्या फटीत बोट जाईल अशी अवस्था. त्यावर उपाय म्हणजे फ्लेक्स. मागच्या वर्षीचा शुभेच्छांचा बॅनर स्टेजवर उलटा अंथरायचा, पांढरी बाजू वर. तिच्यावर पाठ सरकते, पाय अडकत नाही. एकदा घाईत कुणीतरी तो सुलटा टाकला. पहिली गिरकी घेतल्यावर लक्षात आलं की पोराचं डोकं नेमकं हात जोडलेल्या साहेबांच्या छातीवर फिरतंय. पुढच्या रांगेत त्यांचेच कार्यकर्ते. मी माइकवरून तातडीने पाच मिनिटांचं मध्यंतर जाहीर केलं. त्यानंतर फ्लेक्स कुणी अंथरायचा हे खातं ठरूनच गेलं.

सुरुवातीला सगळा नाचच होता. रॅप यायचं ते इंग्रजीत, तेही नाकातून. साऊंडवाले काका बीटला 'तुमचं ते ढुब-ढुब' म्हणायचे. सायबर कॅफेतून मेमरी कार्डात उतरवून आणलेलं ते ढुब-ढुब फोनमधून वायरने त्यांच्या मशीनला जोडायचं. एका वर्षी ऐन कडव्यात त्या फोनवर त्या पोराच्या आईचा कॉल आला आणि दोन्ही कॉलममधून रिंगटोन म्हणून 'जय मल्हार'चं शीर्षकगीत घुमलं. आई तिसऱ्या रांगेत बसून पोराला सांगायला फोन करत होती की शर्टाचं बटण उघडं आहे.

मग 2015 साली कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन या दोन रॅपर्सनी मिळून केलेलं गाणं फोनाफोनांतून फिरलं, आणि आमच्या पोरांची अमेरिका एका पावसाळ्यात उतरली. कुर्ला आपल्याच हार्बर लाइनवरचं! त्या गणपतीत वाशी मार्केटमधल्या माथाड्याचा मुलगा स्टेजवर आला, बीट न लावताच म्हणाला :

पन्नास किलो गोणी आणि पाठ माझ्या बापाची,
माझी एकेक ओळ निघते त्याच पाठीच्या मापाची.

त्याचे वडील मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. टाळ्या पडल्या तेव्हा ते चप्पल शोधायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

पुढच्या वर्षी गावठाणातला एक जण आला. त्याने आगरीत साडेबारा टक्क्यांचा हिशेब मांडला. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर प्रकल्पग्रस्तांना गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची ती योजना आली. त्या टक्क्यांच्या मागे त्याच्या आजोबांनी मारलेल्या खेपा त्याने तारीखवार म्हटल्या, एकाच दमात. तेवढ्यात माइकने दोनदा दगा दिला, तो थांबला नाही.

पण या सगळ्यात मला सर्वात जास्त आठवतात ते बुवा. कणकवलीकडचे, आयुष्यभर डबलबारी भजनं, म्हणजे दोन बुवांचा समोरासमोरचा सामना, केलेले. आधी ते कपाळाला आठ्या घालून मागच्या खुर्चीत बसायचे. एके वर्षी दोन पोरांची एकमेकांवर ओळी फेकायची जुगलबंदी ठेवली होती आणि एक जण समोरच्याच्या आईवर घसरला. बुवा उठले. मला वाटलं, संपलं आता, पुढच्या वर्षीपासून वीस मिनिटं रद्द. ते स्टेजपाशी आले आणि म्हणाले, "आवशीबापाशीर जाव नको. तेचीच चाल धर आणि तेच्याच चालीत तेका पलट." दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात ती दोन्ही पोरं बुवांसमोर मांडी घालून बसलेली. बुवा पेटीवर बोटं ठेवून सांगत होते की समोरच्या बुवाने टाकलेला प्रश्न आधी आपल्या तोंडाने परत म्हणायचा, म्हणजे उत्तर सुचायला तेवढाच वेळ मिळतो.

हिपहॉप सुरू कुठे झालं, याची निवेदनासाठी मी माहिती काढली होती. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, एका बिल्डिंगचा सामाईक हॉल. बहिणीला शाळेचे नवे कपडे घ्यायचे म्हणून ठेवलेली पार्टी, मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. भाऊ डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा तो दोन तबकड्या आलटूनपालटून फिरवून लांबवायचा, कारण लोक नाचायचे ते तेवढ्याच तुकड्यावर. मी हे बुवांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे आमी गजर चढवतंव तसाच." सेक्रेटरी काकांना फक्त वर्गणीचा दर पटला.

2019 च्या फेब्रुवारीत रॅपवरचा 'गली बॉय' सिनेमा आला आणि सोसायट्यांना हे काय प्रकरण आहे ते कळलं. मग मॉलमध्ये स्पर्धा, जजेस, टी-शर्ट. मी दोन-तीनदा गेले. आवाज चांगला होता. फ्लेक्स कुणी उलटा अंथरत नव्हतं.

त्याच वर्षीचा गणपती हा आमचा शेवटचा. पुढच्या वर्षी मंडपच नव्हता, आणि नंतर पोरं पांगली. एक महापेला कंपनीत, एक घोडबंदरला डान्स क्लास घेतो, माथाड्याचा मुलगा बापाच्याच टोळीत लागला. त्या शेवटच्या गणपतीत पाऊण कार्यक्रम झाला आणि लाइट गेली. जनरेटर चालू होऊन खोकला आणि बंद पडला. अंधारात लोक उठायला लागले तेवढ्यात कोपऱ्यातून एकाने तोंडानेच ताल धरला, ओठ आणि घसा, बाकी काही नाही. कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावली. बुवांनी पखवाज मागवला. ताल जमायला थोडा वेळ लागला. पोरगा घाई करत होता, बुवा डाव्या हाताने त्याला दाबत होते. मग जमला. एकेक जण मध्ये येऊन चार ओळी म्हणायचा आणि पाठीमागे बायका टाळ्यांनी गजर चढवायच्या. मीसुद्धा दोन ओळी म्हटल्या. त्या इथे लिहिणार नाही.

सव्वादहाला मोटरसायकलवरून हवालदार आला. दहानंतर लाऊडस्पीकर बंद, नियम आहे, बंद करा.

सेक्रेटरी काका पुढे झाले. नऊ वर्षं ज्या माणसाने तो शब्द पत्रिकेवर येऊ दिला नव्हता, तो अंधारात हात जोडून म्हणाला, "साहेब, लाऊडस्पीकर बंदच आहे."

हवालदाराने कॉलमकडे टॉर्च मारला, मग पोरांकडे. मोटरसायकल स्टँडवर लावली आणि खुर्ची ओढून घेतली.